नावाड्याचा शंभरावा श्वास

पाजू, ९ फेब्रुवारी

दारिम,

तुझा पत्ता आत्याने दिला. तिच्यावर रागावू नकोस. मी तेबेकला जाऊन तिच्या उंबऱ्यावर दोन तास बसून राहिले, तेव्हा कुठे तिने मासिकाच्या कोपऱ्यावर खरडून दिला. थोंग्यंग, बंदरामागची गल्ली, सुक्या मासळीचं दुकान. नुसत्या पावलांवरून माणसाचं वय सांगणारी माझी पोर तिथे सुकी मांदेली तोलते. असं लिहिणार नव्हते. लिहून झालं, आता खोडत नाही.

फोन तू उचलणार नाहीस. मोबाईलवर लिहिलेलं न वाचता पुसता येतं. पत्र फाडायचं म्हटलं तरी हातात घ्यावं लागतं, म्हणून पत्र.

बातमी तुला माझ्याकडून कळावी असं वाटलं. 'शंभर श्वासांचा नावाडी'चा दुसरा सीझन येतोय. जूनमध्ये. परवापासून सगळीकडे छापून येईल. आवाजाचं काम बघणारे ब्योन साहेब घरी येऊन गेले, संत्र्यांची पेटी घेऊन. सोलत, खात, तासभर बोलले. तीन वर्षं झाली तरी लोक विचारतात म्हणे, तो नावाडी परत कधी येणार. नदीतला मेलेला नावाडी, त्याच्याकडे उरलेले शंभर श्वास, पूल बांधणाऱ्या त्या पोरीसमोर तो प्रकट झाला की एक श्वास खर्च. शेवटच्या भागात शंभरावा संपला आणि तो धुक्यात विरला. आता त्याला परत आणायचा कसा, यावर लेखकांनी दोन वर्षं डोकं फोडलं. उपाय सापडलाय, असं ब्योन साहेब म्हणाले. श्वासाने गेला, श्वासानेच येईल.

मी नाही म्हटलं. माझे गुडघे गेलेत, आता पडद्यावरच्या माणसांची पावलं माझ्याच्याने वाजवून होत नाहीत, असं सांगितलं. आणि जुनं रेकॉर्डिंग माझ्याकडे उरलेलं नाही, तेही सांगितलं.

तुझ्या मनात काय आहे मला ठाऊक आहे. तू म्हणशील, आईने बाबांचा शेवटचा श्वास विकला. पण मी रेकॉर्डर त्यांच्या उशीपाशी ठेवला तो आठवण म्हणून. तुला आठवतं, तीन महिन्यांनी शेवटचा भाग हातात आला तेव्हा मला तो श्वास जमत नव्हता. कातडी भाता, ओला कागद, माझं स्वतःचं तोंड, सगळं करून पाहिलं. तूच नऊ दिवस माइक धरून बसली होतीस. प्रत्येक वेळी तो जिवंत माणसाचा श्वास वाटायचा. दहाव्या दिवशी मी तुला माझी औषधं आणायला बाहेर पाठवलं आणि बाबांचा लावला.

भाग लागला तेव्हा तू माझ्याशेजारी जमिनीवर बसून नूडल्स खात होतीस. तू काड्या खाली ठेवल्यास आणि म्हणालीस, "हे बाबा आहेत."

चूक झाली. पण आठवण म्हणून घेतला होता, एवढं तरी मान.

आई


पाजू, ३ मार्च

दारिम,

मागच्या पत्रातल्या दोन गोष्टी खऱ्या धरू नकोस. रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. आणि मी स्टुडिओत गेले.

नुसतं बघून येते, असं स्वतःला सांगत गेले. तिथे नवी दिग्दर्शिका होती, इम चो-रोंग, चौतीसची असेल. माझ्यासमोर कमरेत वाकली आणि म्हणाली, तुमच्या त्या श्वासामुळे मी या मालिकेत आले. आपली दोघींची खोली तशीच आहे. तुझी पिवळी चप्पल कुणीतरी दाराशी नीट लावून ठेवली होती. विचारलं तर म्हणे कुणीच हलवली नाही.

ब्योन साहेब म्हणाले, बाई, बसा, एक ऐकवतो. त्यांच्याकडे पहिल्या सीझनची फाईल होतीच, माझ्याकडे असो नसो. त्यांनी तो श्वास उलटा केला होता. सरळ वाजवला की माणूस जातो. उलटा वाजवला की येतो. हाच तो उपाय.

आधी काही नाही. मग ती घरघर, जी शेवटाला होती ती सुरुवातीला. मग छाती भरत जाते, भरत जाते, थांबतच नाही, आणि अगदी शेवटी ओठ मिटल्याचा बारीक आवाज. दारिम, तुझे बाबा खाणीतून वर यायचे तेव्हा लिफ्टच्या पाळण्याबाहेर पहिलं पाऊल टाकताना असाच श्वास घ्यायचे. मी तेवीस वर्षांची होते. फाटकाबाहेर उभी असायचे. सगळ्यांची तोंडं सारखीच काळी, ओळखू यायची नाहीत. मी डोळे मिटून त्या श्वासाची वाट बघायचे आणि तो आला की म्हणायचे, चला, आजचा दिवस झाला.

मी म्हटलं, परत लावा. ब्योन साहेबांनी परत लावला. अकरा वेळा लावायला लावला. बाराव्या वेळी त्यांनीच हात मागे घेतला.

चो-रोंगच्या डोळ्यांत पाणी होतं. तिने विचारलं, "बाई, हा खरंच तुम्ही तयार केलात?"

मी म्हटलं, "हो."

आणि काम घेतलं. तुला खोटं सांगणार नाही म्हणून हे लिहितेय. मला परत ऐकायचा होता. घरी माझ्याकडे जो आहे तो जाणारा आहे. येणारा फक्त त्यांच्या यंत्रात होता.

आता लिहायला बसलेच आहे तर दुसरंही लिहिते. तू तेव्हा वाहिनीच्या प्रेक्षकांच्या पानावर लिहिलंस, हा माझ्या वडिलांचा श्वास आहे, तो काढून टाका. वाहिनीने माझ्यापुढे कागद ठेवला: सदर आवाज मी स्टुडिओत कृत्रिमरीत्या तयार केला आहे. मी सही केली. हे तुला माहीत आहे. त्यानंतर लोकांनी तुला तीन आठवडे जे काही म्हटलं, तेही तू वाचलंस. पण एका वार्ताहराचा मला फोन आला होता, तो मी लपवला. बातमीत 'कुटुंबातील व्यक्ती' असं छापलं होतं. तू आत्याला विचारत राहिलीस की असं कोण बोललं असेल. आत्या नव्हती. मी होते. मी म्हटलं, वडील गेल्यापासून मुलीचं डोकं ठिकाणावर नाही, तिला औषधं चालू आहेत.

तू आयुष्यात डोकेदुखीची गोळीसुद्धा घेतलेली नाहीस.

आई


तेबेक, ६ एप्रिल

दारिम,

काल बाबांच्या थडग्यावर गेलो, आत्या आणि मी. इथे अजून सावलीत बर्फ आहे. आत्याने गवत काढलं, मी सोजू दारू ओतली. तिने डोंगरातली भाजी घालून भात करून आणला होता. आम्ही तिथेच चटई टाकून जेवलो. तुझ्याबद्दल मी विचारलं नाही आणि तिने सांगितलं नाही. पत्रं पोचतात का, एवढंच विचारलं. ती म्हणाली, परत तर आलेली नाहीत.

मग ती डबे बांधता बांधता म्हणाली, "वहिनी, एक विचारू? मी या गावात छप्पन वर्षं काढली. खाणीतल्या माणसाची छाती कशी वाजते ते मला सांगायला नको. माझा नवरा तसाच गेला, सासरा तसाच गेला. टीव्हीवर ऐकलं तेव्हाच मला कळलं की हा आपला दादा. पोरगी खरं बोलतेय."

मी चटई गुंडाळायला लागले.

"पण त्या सगळ्यांच्या तोंडावर शेवटी ऑक्सिजनचा मास्क होता. त्या मास्कची फुसफुस रात्रंदिवस ऐकून माझे कान किटले होते. दादालाही मास्क होता. मग तुमच्या त्या टेपमध्ये फुसफुस कुठे गेली?"

मी म्हटलं, ती नंतर काढता येते, तशी यंत्रं असतात. आत्या माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, असेल, मला काय कळतंय त्यातलं. आणि डोंगर उतरायला लागली. मी इथे रात्री राहणार होते, तिच्याकडे. तिने अंथरूण घातलं आणि स्वतः शेजारणीकडे झोपायला गेली. सकाळी तिच्या रिकाम्या स्वयंपाकघरात बसून हे लिहितेय.

ती फुसफुस काढता येत नाही, दारिम. तुला ते माहीत आहे. इतकी स्वच्छ तर नाहीच. म्हणूनच तू गेलीस ना? सही केली म्हणून नाही. तू ऐकलंस आणि तुझ्या लक्षात आलं.

मी मास्क काढला.

त्या दिवशी दुपारी डॉक्टर म्हणाले होते, आज किंवा उद्या. तू खालच्या मजल्यावर यंत्राची कॉफी आणायला गेलीस. खोलीत आम्ही दोघंच. बाबांचा श्वास बदलला होता, लांब लांब पडत होता, आणि माझ्या डोक्यात आलं की शेवटच्या भागाला हाच लागेल. मला रडू आलं नाही, त्यांचा हात धरावासा वाटला नाही, आधी हे आलं. पस्तीस वर्षं मी दुसऱ्यांची पावलं, दुसऱ्यांची कापडं, दुसऱ्यांचे दरवाजे वाजवत आले. माझे कान तेवढंच करतात. मी पिशवीतून रेकॉर्डर काढला, मास्क त्यांच्या कपाळावर सरकवला. मास्क काढूनही हवा वाजतच होती, म्हणून भिंतीवरची कळ फिरवून तीही बंद केली.

चाळीस सेकंद. टेपवर आहेत, मी मोजलेत.

मधे त्यांनी हात वर केला. तुला आठवतं, मी त्यांची पावलं घ्यायचे, खाणीतल्या बुटांची, कोळशाच्या राखेवर चालायला लावून, तेव्हा तयार झाले की ते असाच हात वर करायचे. चालू कर, म्हणून. तीन वर्षं मी स्वतःला सांगत आले की तो तोच हात होता. मला ओळखून, माझं काम ओळखून, त्यांनी मला ते दिलं.

दुसरंही असू शकतं. मास्क लाव, असंही असू शकतं.

तू कॉफी घेऊन दार उघडलंस तेव्हा मी मास्क परत लावत होते. तू विचारलंस, काय झालं? मी म्हटलं, घाम आला होता, तोंड पुसलं. वीस मिनिटांनी ते गेले. डॉक्टरांनी कुणाला काही विचारलं नाही, विचारण्यासारखं काही नव्हतंच, आज किंवा उद्या जाणारच होते. हेही मी तीन वर्षं स्वतःला सांगते.

आई


पाजू, २१ मे

दारिम,

तुझं काही आलं नाही. येईल असं वाटलं होतं असं नाही, पण रोज फाटकावरची पेटी उघडते.

तेबेकहून आले ती सरळ स्टुडिओत गेले. ब्योन साहेबांना बाजूला घेतलं आणि सगळं सांगितलं, तुला लिहिलं तसंच, मास्कसकट. म्हटलं, तो श्वास काढा. मी दुसरा करून देते, एक महिना द्या, गुडघे मोडले तरी करून देते.

ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. वाईट माणूस नाही तो. तुझ्या बाबांच्या अंत्यविधीला तीन दिवस येऊन बसला होता. म्हणाले, बाई, पहिला भाग आवाज मिसळून तयार झालाय, परदेशी गेलासुद्धा, बावीस भाषांत. जाहिरातीतही तोच श्वास आहे. मी म्हटलं, मग वाहिनीला सांगते की तो खरा आहे, मेलेल्या माणसाचा आहे, त्याच्या परवानगीशिवाय घेतलेला आहे.

"सांगा. पण तुम्हीच लिहून दिलंय ना, की तो आवाज तुम्ही केलाय? सही तुमची आहे. त्या कागदावर त्यांचं सगळं उभं आहे. ते तुम्हाला खोटं पाडतील, आणि मी साक्ष देऊ शकणार नाही. मला इथेच नोकरी करायचीय."

मग मी तू केलंस तेच केलं. प्रेक्षकांच्या पानावर स्वतःच्या नावाने लिहिलं. मॅंग ओक-जू, पस्तीस वर्षं आवाजाचं काम. तो श्वास माझ्या नवऱ्याचा आहे. माझी मुलगी खरं बोलत होती, खोटं मी बोलले. मास्कचंही लिहिलं. लिहायला चार दिवस लागले. मला वाटलं, हे वाचल्यावर लोक निदान तुझी माफी मागतील.

दोन तासांत तीनशे उत्तरं आली. एकाने लिहिलं, नव्या सीझनची जाहिरात मस्त करताय, अंगावर काटा आला. एकीने लिहिलं, काकू, तब्येतीला जपा. बऱ्याच जणांनी ती जुनी बातमी चिकटवली, 'मुलीचं डोकं ठिकाणावर नाही, तिला औषधं चालू आहेत', आणि खाली लिहिलं, घराण्यातच आहे म्हणायचं. त्यावर चार हजार लोक हसले. दुसऱ्या दिवशी वाहिनीने खुलासा काढला. कृत्रिम आवाज, सही केलेलं निवेदन, जुन्या सहकारी आजारी असल्यास त्यांना लवकर बरं वाटो. माझा मजकूर त्यांनी काढून टाकला.

मी तुझ्यासाठी काहीच करू शकले नाही, हे तुला कळावं म्हणून हे पत्र लिहितेय. उलट तुझं नाव परत वर आणलं. आत्या म्हणाली की दोन पोरी मोबाईल धरून तुझ्या दुकानासमोर उभ्या होत्या आणि तू शटर ओढून घेतलंस. मला माहीत असतं तर मी लिहिलं नसतं. खरं तर माहीत असायला हवं होतं.

तू ते तीन आठवडे कसे काढलेस? मी तेव्हा शेजारच्या खोलीत होते आणि विचारलं नाही. मला तीन दिवसही झाले नाहीत आणि मी दारावरची घंटा काढून टाकली.

आई


पाजू, २ ऑगस्ट

दारिम,

परवा शेवटचा भाग झाला. नावाडी आणि ती पूलवाली दोघं एकत्र आली. लोक खूश आहेत. काल तिसऱ्या सीझनची घोषणा झाली. ब्योन साहेबांनी फोन केला, मी बातमीत बघण्याआधी त्यांनी सांगावं म्हणून. तिसऱ्यात तो परत जाणार आहे म्हणे, आणि परत येणार आहे.

पहिला भाग मी घरी पाहिला नाही. भाजीच्या दुकानात कोथिंबीर घेत होते, मालकिणीने टीव्ही लावलेला होता. तो श्वास आला आणि ती हातातली जुडी तशीच धरून उभी राहिली. म्हणाली, किती जीव आहे हो त्या नटात. मी जुडी तिच्या हातातून घेतली आणि घरी आले.

आता तो आवाज मोबाईलसाठी मिळतो. बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर एक कॉलेजची पोरगी होती. कुणाचा संदेश आला की तुझे बाबा तिच्या दप्तरात श्वास घ्यायचे. इल्सानचा थांबा येईपर्यंत चौदा वेळा. ती मधेच हसायची आणि उत्तर द्यायची. मी उठून दुसरीकडे बसू शकले असते. बसले नाही.

मी काम सोडलंय. खोलीतले बूट, दारं, टोपल्या, भुशाची पोती, सगळं स्टुडिओतल्या पोरांना देऊन टाकलं. तुझी चप्पल आणली आहे. घरी रेकॉर्डिंग होतं तेही पुसून टाकलं, त्याने काही होत नाही हे माहीत असून.

काल तुझं कार्ड आलं. बंदराचं चित्र, मागे एकच ओळ. वर 'आई' नाही, खाली नाव नाही. अक्षर तुझंच, तेवढं ओळखता येतं. साडेतीन वर्षांत तू मला विचारलेली पहिली गोष्ट: 'हात वर केला तेव्हा ते कुणाकडे बघत होते?'

मी दिवसभर ते कार्ड टेबलावर ठेवून बसले. तुला वाटेल, आठवत नाही असं आई लिहील. मी तसं लिहिलंही, एकदा, आणि फाडलं. दुसऱ्या कागदावर 'माझ्याकडे' असं लिहिलं. तोही फाडला. तुला तिसऱ्या पत्रात मी त्या हाताचं एवढं सांगितलं, राखेचं, बुटांचं, आणि डोळ्यांचं एक अक्षर लिहिलं नाही. तुझ्या ते नेमकं लक्षात आलं.

दाराकडे, दारिम. माझ्याकडे त्यांनी एकदाही पाहिलं नाही. हात वर करून ते दाराकडे बघत होते, तू कॉफी घेऊन येईपर्यंत.

आई